जोडीदाराचा रकाना

"नाही. आणि असता तरी त्याला विचारून मी धंदा काढला नसता."

टेबलापलीकडच्या माणसानं हे वाक्य सावकाश, एकेका शब्दावर बोट ठेवत वाचलं. मग चष्मा कपाळावर सरकवला.

"आक्का, हे तुम्हीच लिहिलंय न्हवं?"

"अक्षर माझंच आहे."

"सातव्या रकान्यात."

"जोडीदाराचे नाव, असं तुम्ही विचारलं होतं. मी उत्तर दिलं."

तो हसला नाही. पण हसू त्याच्या मिशीपर्यंत येऊन थांबलेलं तिला स्पष्ट दिसलं, आणि तिला आणखीनच वैताग आला.

खरं तर पारमिता त्या दिवशी निपाणीहून बेळगावला फक्त एक फोटो द्यायला आली होती. अर्जावरचा पुसट आलाय, नवा आणून द्या, असा फोन आला होता. काउंटरवरची मुलगी जेवायला गेली नसती तर फोटो देऊन ती चारच्या बसनं परत फिरली असती, आणि मग ही गोष्ट सांगायचं काही कारणच उरलं नसतं. पण मुलगी गेली जेवायला. तिच्या जागी हा बसला होता. त्यानं नाव ऐकलं, 'थांबा थांबा, तुम्हीच का त्या' असं म्हणत गठ्ठ्यातून तिचा अर्ज उपसून काढला, आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. बाहेर भाद्रपदातला पाऊस होता... पडायचा कंटाळा आलेला, तरी पडत राहिलेला. पारमिताच्या ओढणीचं टोक ओलं, चपला ओल्या, आणि जिवाला असा शीण की समोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर ती न विचारताच बसली.

शीण काही आजचा नव्हता. ही तिची पाचवी स्पर्धा. धंद्याची योजना कागदावर मांडायची, पडद्यावर दाखवायची, कोट घातलेल्या तीन माणसांना पाच मिनिटांत पटवायची, आणि शेवटी उत्तेजनार्थ बक्षीस घेऊन बस पकडायची. कोल्हापूर झालं, धारवाड झालं, हुबळी दोनदा झालं. चार प्रमाणपत्रं घरी होती, आणि ती तिच्या आईनं, तानीबाईनं, फडताळात डब्यांखाली अंथरली होती. "जाड कागद हाय," आई म्हणायची, "तेल मुरत न्हाय."

ही पाचवी मात्र मोठी होती. विकसनशील देशांतल्या होतकरू उद्योजकांसाठी कुणा परदेशी संस्थेनं भरवलेली. आपल्या सीमाभागातून दहा जण अंतिम फेरीत, त्यातला पहिला नैरोबीच्या जागतिक फेरीला, आणि त्याच्या धंद्याला वर्षभर जागा, यंत्रं, हाताखाली माणसं. पारमितानं मनाशी ठरवलं होतं, की ही शेवटची. हिच्यात झालं तर झालं. नाहीतर पुण्याच्या एका कंपनीचं पत्र तिच्या पिशवीत घडी घालून ठेवलेलं होतं. अंतिम फेरीचा शनिवार गेला की पुढच्या सोमवारी तिकडे हजर व्हायचं. आय.टी.आय.मधलं तिचं तासिकेवरचं शिकवणं जूनमध्येच संपलं होतं. एकतीस वर्षांचं वय, घरात थकलेली आई... आता आणखी वाट बघायला तिच्यात दम उरला नव्हता.

"तुम्हाला राग आलाय," टेबलापलीकडचा म्हणाला.

"रागाचं काय त्यात. कुठंही जा, पहिला प्रश्न तोच. भाड्यानं खोली मागायला गेलं तरी तो, बँकेत गेलं तरी तो. म्हटलं, आता धंद्याच्या स्पर्धेतसुद्धा नवराच लागतो की काय."

"नवरा न्हवं हो." त्यानं चष्मा पूर्ण काढला आणि दोन्ही डोळे चोळले. "चूक माझी हाय. मूळ अर्ज इंग्रजीत. तिथं पार्टनर लिहिलंय... म्हणजे धंद्यातला भागीदार. मराठी मी केलं. मी केलं 'जोडीदार'."

"भागीदार हा शब्द माहीत नव्हता तुम्हाला?"

"माहीत की. पण मी इथल्याच वडगावचा. विणकराच्या घरातला. मागावर नवा ताणा चढवायचा झाला की जुन्या धाग्याला नवा धागा जोडायला लागतोय... हजारो धागे. दोघं समोरासमोर बसतात. एकानं धागा द्यायचा, दुसऱ्यानं पीळ मारायचा. त्या दुसऱ्याला आमच्यात जोडीदार म्हणतात. माझ्या डोक्यात तेच आलं. बाकीच्या जगात जोडीदार म्हणजे नवरा-बायको, हे तुमचा अर्ज वाचल्यावर कळालं."

"फक्त माझाच?"

"न्हाई, मराठीत अकरा अर्ज आलते. नऊ जणांनी बायकांची नावं लिहिली. गुंजीच्या एकानं लिहिलंय, 'बोलणी चालू आहेत.'"

आता मात्र पारमिता हसली. तिच्या मनात नव्हतं, पण हसू आलं, आणि इतक्या दिवसांनी आलं की तिलाच ते परक्यासारखं वाटलं.

त्यानं अर्ज टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "हसण्यासारखं न्हाई पण. त्या रकान्याला वीस गुण हायत. एकट्या माणसाला शून्य. तुम्ही अकराव्या नंबरवर आलाय. दहाच घेणार."

तिचं हसू जागच्या जागी विरलं.

त्याचं नाव नागेंद्र. मराठी-कन्नड-इंग्रजी असा तीन दिशांना अनुवाद करणारा कंत्राटी माणूस. दहा वर्षं सरकारी नोटिसा, बियाण्यांच्या पिशव्यांवरच्या सूचना, औषधांची पत्रकं, दिसेल ते ह्या भाषेतून त्या भाषेत. डोळ्यांखाली काळं, बोटांना शाईचे डाग, आणि आवाजात असं काही की बाबा, मी पण दमलोय, पण बस, बोलूया. त्यानं पारमिताला तिथंच बसवलं आणि आतल्या खोलीत तेजस्वी मॅडमकडे गेला, म्हणजे स्पर्धेचं सगळं बघणाऱ्या बाईंकडे. पंधरा मिनिटांनी परत आला.

"चूक कबूल केली. मॅडम म्हणाल्या, उद्या पाचपर्यंत सगळ्यांनी तेवढा रकाना दुरुस्त करून द्यायचा."

"मग बाकीच्यांचं सोपं आहे. बायकोच भागीदार."

"तुमचं?"

"माझं कोण असणार? मैत्रिणी आपापल्या संसारात. आईचं नाव घालू?"

"रक्ताचं नातं चालत न्हाई." त्यानं टेबलावरची टाचणी उगाचच उचलली, ठेवली. "माझं नाव घाला."

पारमितानं त्याच्याकडे नीट बघितलं. "तुम्ही इथं काम करता."

"सोडतो. दहा-बारा दिवसांचंच राहिलंय."

"कशासाठी? उपकार म्हणून? मला नकोत कुणाचे. आणि आक्का म्हणू नका मला. मी काय तुमच्यापेक्षा मोठी दिसते?"

"न्हाई हो, इथं सगळ्यांनाच म्हणतो. डॉक्टरीणबाईंना, कंडक्टर बाईंना..."

"मला नका म्हणू."

"मग काय म्हणू?"

"अर्जावर नाव आहे."

त्यानं अर्जाकडे बघितलं, जणू नाव आजच पहिल्यांदा वाचतोय. मग टेबलाला वळसा घालून आला आणि तिच्या खुर्चीशेजारी ठेवलेल्या वस्तूपाशी उकिडवा बसला. कुठंही जाताना ती वस्तू पारमिताबरोबर असायचीच. लोक बसमध्ये विचारायचे, आणि विचारलं की ती सांगायची. सांगून सांगून एखादं गिऱ्हाईक मिळायचं.

टेकू. चार बोटं उंचीची लाकडी बैठक, मागं बांबूची पाठ, पुढं सरकणारी फळी. जमिनीवर बसून दिवसभर काम करणाऱ्या बाईसाठी. तानीबाईनं अडतीस वर्षं निपाणीत विड्या वळल्या होत्या. मांडीवर सूप, मान खाली, पाठ वाकलेली. आता ती पाठ सरळच होत नव्हती. डॉक्टर म्हणाले, खुर्चीवर बसत जा. खुर्चीवर बसून विड्या कोण वळतं? संकेश्वरच्या मिरच्यांचे देठ खुडणाऱ्या बाया, वडगावात मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बाया, सगळ्या जमिनीवरच. जगातल्या सगळ्या कंपन्या खुर्च्या करतात, म्हणून पारमितानं टेकू केला. सूप फळीवर, पाठ बांबूला. एवढीच तिची योजना, आणि चार स्पर्धांत ती कुणाला धड पटली नव्हती.

नागेंद्रनं पाठीच्या जागी ताणलेल्या प्लास्टिकच्या पट्टीवरून हात फिरवला.

"ही टोचते."

"माहीत आहे. आईपण तेच म्हणते. पण दुसरं काही टिकत नाही."

"सुताची पट्टी विणून देतो. आपल्या घरी बाबांचा हातमाग हाय, दोन वर्षं बंद पडलाय. उपकार नको म्हणालात न्हवं? मग काम द्या."

बाहेर पावसानं उगाच जरा जोर केला आणि परत आळसावला. पारमितानं पेन घेतलं, सातव्या रकान्यातलं आपलं वाक्य खोडलं आणि त्याला आडनाव विचारलं.

रकान्याचे गुण मिळून टेकू पहिल्या दहांत आला. पुढचे अकरा दिवस कसे गेले ते दोघांनाही धड सांगता यायचं नाही. निपाणी ते बेळगाव, बेळगाव ते निपाणी. एस.टी.च्या काचेवर डोकं टेकून पारमिताची मान अवघडायची. वडगावच्या त्या गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंनी यंत्रमागांचा खडखडाट, आणि त्यात बोलायचं म्हणजे कानाशी येऊन बोलायला लागायचं. म्हणून दोघं कमीच बोलायचे. आणि खडखडाट नसताना, वीज गेली की, दोघंही एकदम गप्प व्हायचे. बोलायला सोपं असलं की काय बोलावं तेच सुचायचं नाही.

पहिल्या दिवशी त्यानं हातमागावरची घोंगडी काढली, धूळ झटकली, आणि साडीच्या काठांचं उरलेलं सूत आणलं. हिरवं, डाळिंबी, हळदी... कशाचा कशाला मेळ नाही.

"रंग?" तिनं विचारलं.

"जे उरलंय ते. पाठीला रंग दिसत न्हाई."

ताणा जोडायला दुसरं माणूस हवं होतं. त्याची आई भाकऱ्या थापत होती, वडील गुडघ्यांमुळे खाली बसू शकत नव्हते. तेव्हा पारमिताच समोर बसली. त्यानं धागा द्यायचा, तिनं पीळ मारायचा. पहिले पन्नास तिनं चुकवले. मग हात बसला. धागा द्यायचा पण बोटाला बोट लागू द्यायचं नाही, असा काही नियम नव्हता, तरी दोघंही तो काटेकोर पाळत होते. एकदा मात्र चुकलं... तिचं की त्याचं, कोण जाणे. धागा दोघांच्या बोटांत तसाच राहिला. पारमिताला स्वतःचाच राग आला. हे काय वय आहे, ही काय वेळ आहे. पुण्याचं पत्र पिशवीत होतं, आणि पिशवी त्याच्या खुंटीला लटकत होती.

त्याची आई परातीपुढून उठली, तिच्यापुढं ताट ठेवलं आणि कन्नडमध्ये म्हणाली, "ऊटा माडव्वा," म्हणजे जेव गं बाई. भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, दही. पारमिता जेवली. दाराशी बसलेले त्याचे वडील बाहेर बघत राहिले, एक शब्द बोलले नाहीत.

दुपारी सराव. परीक्षक नेहमी विचारतात ते प्रश्न पारमितानं वहीत लिहून काढले होते.

"तुम्ही दोघं कसे भेटलात?" तिनं परीक्षकाच्या आवाजात विचारलं.

"अर्जातल्या चुकीमुळं."

"असं नाही सांगायचं. व्यवसायाच्या संदर्भात."

"पारमिता मॅडमनी मला एका वाक्यात गप्प केलं. मला वाटलं, हिच्याबरोबर धंदा केला तर देणेकरी घाबरतील."

"नागेंद्र."

"बरं. ह्या बाईंचा टेकू बघितला, आणि आपल्या घरातल्या सगळ्या बायकांच्या पाठी डोळ्यापुढं आल्या. आईची, आत्याची... म्हणून आलो." त्यानं वर बघितलं. "हे खरं हाय. हे चालंल?"

"चालेल," ती म्हणाली, आणि वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

आठव्या दिवशी सुताची पट्टी लावलेला टेकू घेऊन तो निपाणीला आला. तानीबाई त्यावर बसली. डोळे मिटले. मान मागं टाकून बघितली. पारमिताचा जीव टांगणीला, कारण आजवरचे सगळे टेकू आईनंच नापास केले होते.

"पाठ म्हनती व्हय," तानीबाई शेवटी म्हणाली. "मान म्हनती अजून दोन बोटं वर पायजे."

नागेंद्रनं खिशातून पेन्सिल काढली आणि बांबूवर खूण केली. तो चहा पिऊन गेल्यावर आईनं लेकीला विचारलं, "कोन गं ह्यो?"

"भागीदार."

"कशातला?"

"आई..."

"मी काय म्हनलं? इचारलं नुसतं. त्याला पुन्याचं सांगितलंस का?"

पारमितानं कपबशा उचलल्या.

"न्हाय सांगितलंस." तानीबाईनं सुस्कारा टाकला. "त्येच्या घरात तुला वाढत्यात म्हनलीस. वाढनं येगळं, पोरी, आनि घरात घेनं येगळं. मला काय, मानूस बरा दिसतोय. मान कुठं दुखती त्ये न सांगता कळलं त्येला. पन तू आधीच इतकी दमलीयास... आनि कितीजनांशी भांडशील?"

पारमितानं कपबशा विसळल्या. तिनं त्या रात्री पुण्याचं पत्र काढून पाहिलं आणि परत घडी घातली. सांगायला हवं होतं, हे तिला कळत होतं. पण तो तिच्यासाठी हातातलं काम सोडून आला होता, रोज मागावर वाकत होता. त्याला कसं सांगायचं, की हरले तर मी निघाले? जिंकलो तर सांगायची गरजच पडणार नाही, अशी तिनं मनाची समजूत घातली. दमलेलं माणूस असल्या समजुती फार लवकर घालतं.

शनिवारी बेळगावातल्या एका कॉलेजचं सभागृह. दहा संघ. ड्रोननं फवारणी, मोबाइलवरून चालवायचं गुऱ्हाळ, काजूच्या बोंडांचं सरबत. प्रत्येकाची स्लाइड रंगीत, प्रत्येकाचा आलेख वर जाणारा. तीन परीक्षक, आणि त्यातल्या निळ्या कोटातल्या गृहस्थांचा शेवटचा प्रश्न ठरलेला. आज जिंकला नाहीत, तर हे पुढं चालू ठेवाल? आधीच्या सहाही संघांनी छातीवर हात ठेवून होय म्हटलं होतं.

सातवा नंबर पारमिताचा. पाच मिनिटं छान गेली, उगाच का खोटं बोला. नागेंद्रनं पट्टी दाखवली, पारमितानं आईची पाठ सांगितली. दोघांना एकमेकांचं वाक्य कुठं संपतं ते कळत होतं. मागच्या रांगेतल्या बायका खुर्चीतून पुढं सरकून ऐकत होत्या. मग निळ्या कोटानं विचारलं, "आज जिंकला नाहीत, तर?"

उत्तर तिला पाठ होतं. चार वेळा दिलेलं. पण तोंड उघडलं, आणि तिला अचानक ते उत्तर इतकं जिवावर आलं की काय सांगावं. नैरोबी, प्रमाणपत्रं, टाळ्या, परतीची बस... सगळ्याचाच शीण तिच्या जिभेवर येऊन बसला.

"नाही," ती म्हणाली. "सोमवारी पुण्याला नोकरीवर जाणार आहे. खुर्च्यांच्या कंपनीत. पत्र आलंय."

सभागृहात कुजबुज झाली. तेजस्वी मॅडमनी कपाळाला हात लावला. पारमितानं शेजारी बघितलं नाही. बघायचं धाडसच झालं नाही.

"आणि तुम्ही?" निळ्या कोटानं नागेंद्रला विचारलं.

त्यानं माइक दुसऱ्या हातात घेतला.

"मला हे आत्ताच कळालं," नागेंद्र म्हणाला. थोडे लोक हसले. तो नाही हसला. "पण मी ठेवणार चालू. पट्टी कुठं ताणायची, कुठं ढिली सोडायची, तेवढं आता कळतंय. बाकीचं यायचंय अजून. शिकीन."

निकाल चार वाजता लागला. पहिला ड्रोन. आणि उत्तेजनार्थमध्ये तिसरं नाव टेकूचं. पारमितानं पाचवं प्रमाणपत्र घेतलं, फोटोसाठी उभी राहिली, आणि खाली उतरताना पहिल्यांदा तिला रडू आलं. ते तिनं गिळलं. नागेंद्र पुढं गेला होता, टेकू आणायला.

तो परत आला तो रिकाम्या हातांनी.

"या इकडं," तो हळू म्हणाला. "आवाज करू नका."

रंगमंचामागच्या बोळात सगळ्यांचे नमुने मांडून ठेवले होते. लोकांनी आपापले उचलून नेले होते. टेकू होता, पण त्यावर मंगल बसली होती. सभागृह झाडणारी बाई. सकाळी सातपासून तिला ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत झाडू मारताना पारमितानं पाहिलं होतं. झाडू मांडीवर आडवा, डोकं मागं सुताच्या पट्टीवर एका अंगाला कलंडलेलं, तोंड किंचित उघडं. गाढ झोपली होती.

"उठवूया?" नागेंद्रनं विचारलं.

"नको."

"तुमची बस?"

"सातपर्यंत आहेत."

मग दोघं समोरच्या पायरीवर बसले. मध्ये एक हात अंतर. वरच्या पत्र्यावर पावसाची बारीक टिपटिप. बोलायचं तर कुजबुजतच बोलायला लागणार होतं.

"मला आधी सांगायचं होतंत की," नागेंद्र म्हणाला.

"कसं सांगणार? तुम्ही काम सोडून आला होता. म्हटलं, जिंकलो तर सांगायलाच नको."

"आणि हरलो तर?"

"तर पत्र लिहिलं असतं."

"कुठल्या भाषेत?"

तिनं त्याच्याकडे बघितलं. तो थट्टा करत होता, पण त्याचे डोळे थट्टेत नव्हते. तिला फार वाईट वाटलं. "मी चुकले, नागेंद्र. माफ करा."

"जावा की पुण्याला. चांगली नोकरी हाय." तो आपल्या बोटांकडे बघत होता. शाईचे डाग जाऊन तिथं सुतानं कापल्याच्या रेघा आल्या होत्या. "मी दहा वर्षं दुसऱ्यांची वाक्यं इकडनं तिकडं करायलोय. स्वतःचं एक बोलायला गेलो की जमत न्हाई बघा."

"बोला."

"तुम्ही मला आवडता. लई आवडता. टेकू झाला न झाला... पुण्याला गेला तरी आवडणारच. एवढंच."

पारमितानं डोकं भिंतीला टेकवलं. अकरा दिवस आतल्या आत धरून ठेवलेलं काहीतरी सैल झालं, आणि त्याबरोबर सगळा थकवा वर आला.

"मला पण," ती म्हणाली. "तुम्ही मला फार आवडता. पण मला इतकं दमायला झालंय... तुमचे वडील माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. माझी आई म्हणते, कितीजणांशी भांडशील. मला आत्ता हो म्हणायचंसुद्धा बळ नाही."

"मग म्हणू नका. बसा नुसतं."

ती बसली. जरा वेळानं तिनं मधलं एक हात अंतर ओलांडून त्याच्या हातावर हात ठेवला. नियम मोडला, असं दोघांपैकी कुणीही म्हणालं नाही.

"आमच्या आईनं विचारलंय," तो म्हणाला. "ती रोज येणार काय म्हणून."

"काय सांगितलंत?"

"तिला विचारलं न्हाई अजून, म्हटलं. बाबा गप्प बसले. ते गप्प बसले म्हणजे बोलायचं बरंच शिल्लक हाय. बोलू दे. मी हाय न्हवं ऐकायला."

सहा वाजत आले तेव्हा मंगल दचकून जागी झाली. समोर दोन माणसं बघून तिची त्रेधा उडाली. झाडू सावरत उठायला लागली. "माफ करा बाई, जरा टेकले नि... डोळा कवा लागला कळलंच न्हाय. सात-आठ वरसांत दुपारची अशी झोप न्हाय बघा मला."

"असू दे. बसा," पारमिता म्हणाली.

मंगलनं पाठ एकदा डावीकडे वळवली, एकदा उजवीकडे. खाली वाकून टेकूकडे बघितलं, पट्टी बोटांनी दाबली.

"ह्ये कुठं मिळतंय?"

"वडगावात," नागेंद्र म्हणाला. "आमच्या घरी विणतो."

"माझी जाऊ कांड्या भरती. तिला पन पायजे. पन तुम्ही आज हरला म्हनत होते सगळे... चालू हाय न्हवं तुमचं? कवा येऊ?"

नागेंद्रनं उत्तर दिलं नाही. ते उत्तर त्याचं नव्हतं. तो टेकूच्या फळीवरची नसलेली धूळ पुसत राहिला.

पारमितानं मंगलकडे बघितलं. गालावर सुताच्या पट्टीचा वळ उठला होता, आईच्या गालावर जुन्या प्लास्टिकच्या पट्टीचा उठायचा तसाच. पुण्यात सोमवारी सकाळी दहा वाजता सही करायची होती. काचेची इमारत, एसी, दर महिन्याला नेमानं पगार. हे सगळं तिच्या डोळ्यापुढं आलं, आणि त्यातलं काहीही तिला हवंसं वाटेना.

"सोमवारी या," ती म्हणाली. "दहाला. जावेला घेऊन या, बसवून माप घ्यायला लागेल. मी असते तिथं."

मंगल बरं म्हणाली, झाडू काखेत मारला आणि दिवे मालवायला निघून गेली. बोळात थोडा अंधार झाला. नागेंद्र टेकू उचलायला वाकला होता, तो तसाच वाकलेला राहिला.

"सोमवारी तुम्ही कुठं असणार म्हणालात?" त्यानं विचारलं.

"तुझ्या घरी," पारमिता म्हणाली.